आरोळीच्या वेळचा वारा

नाव आणि पूर्ण पत्ता वेगळ्या कागदावर घेतला आहे. ओळखीचे नाव ताई. घरात, गल्लीत आणि गिऱ्हाइकांत मला सगळे हेच म्हणतात. वय एकसष्ट. धंदा ताडपत्री आणि कॅनव्हासचे शिवणकाम. राहणार बस आगारामागची गल्ली, खाली दुकान, वर माझी खोली. लिहिता-वाचता येते.

मी आज आपण होऊन ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही आणि कोणी शिकवलेले नाही. लिहून घेणाऱ्या साहेबांच्या टेबलासमोर बसून, ते विचारतील तसे सांगते की,

परवा दुपारी तळ्यात बुडून गेला तो माझा सख्खा धाकटा भाऊ. साहेब त्याला मयत म्हणतात. त्यांनी तसे लिहायचे तर लिहावे, मी भाऊच म्हणेन. वय चोपन्न. आई गेल्यावर मीच त्याला लहानाचा मोठा केला. काचेच्या दुकानात काच कापण्याचे काम करायचा. दोन्ही हातांच्या बोटांवर जुने चरे होते, पण घरातली साधी कात्री घेतली तरी हात कापून घेईल असा धांदरट. गल्लीत त्याला कप्तान म्हणत. ते नाव कसे पडले हे खाली येईलच.

मी येण्याचे कारण असे की, तळ्यावरच्या होड्यांच्या धक्क्याचा राखणदार काल सकाळपासून या ठाण्यात बसवून ठेवला आहे. माझ्या भावजयीने तक्रार दिली की त्याने माझ्या भावाला लाईफ जॅकेट न घालता पाण्यात जाऊ दिले. तिची तक्रार खोटेपणाची नाही. भावाला बाहेर काढले तेव्हा त्याच्या अंगात जॅकेट नव्हते. शिवाय त्याचे जॅकेट नंतर आमच्या तंबूसमोर काठाला सापडले. म्हणून सगळ्यांनी धरले की ते तंबूपाशीच राहिले होते आणि राखणदाराने बघितले नाही. तसे झालेले नाही. कसे झाले ते मी सांगते, कारण होडीत त्याच्याबरोबर मीच होते.

सहल कोणी ठरवली, असे विचारले. सहल भावाने ठरवली. गेल्या उन्हाळ्यात दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने घर बदलताना त्याला एक रबरी होडी, पायाने हवा भरायचा पंप, दोन वल्ही आणि दोन लाईफ जॅकेटे देऊन टाकली. होडी बघून त्याला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता, असे भावजय म्हणते. त्याच दिवशी त्याने तळ्यावर जायचे ठरवले. दोन दिवस तंबूत राहायचे, सकाळ-संध्याकाळ होडी फिरवायची. तंबू मी शिवून द्यायचा.

तंबू मी शिवला. खाकी कॅनव्हासचा, खाली जाड ताडपत्री, शिवणीला मेण लावून. तंबूचे दार कुठल्या बाजूला हवे यावर आमचे भांडण झाले. तो म्हणे पाण्याकडे, मी म्हणे वाऱ्याकडे पाठ हवी, नाहीतर उडून जाल दोघं. शेवटी त्याच्या मनासारखे केले. त्याच्या मनासारखे करायची मला सवय आहे.

पण जाणे काही होईना. आधी त्याला रजा मिळाली नाही. मग पाऊस लांबला. मग भावजय शाळेच्या ग्रंथालयात शिडीवरून पडली आणि तिचा हात प्लास्टरमध्ये गेला. तळ्याच्या कचेरीत फोन करून तंबूची जागा राखून ठेवावी लागते. तो इतक्या वेळा जागा राखून इतक्या वेळा सोडत होता की तिथली बाई आवाज ओळखायला लागली. "ह्या वेळी तरी येणार ना हो?" असे विचारायची. सहल ठरवणे हीच आमच्या घरातली सहल होऊन बसली होती.

त्यातून त्याने कोरडी सहल काढली. हे सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे याच्यावर आहे. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाते. जेवण झाले की तो बाहेरच्या खोलीतले टेबल भिंतीला लावायचा, होडीत हवा भरायचा आणि खोलीच्या मधोमध फरशीवर ती मांडायचा. तो पुढे वल्ही घेऊन, मी मागे. भावजय सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची. ती किनारा. किनाऱ्याने जागचे हलायचे नाही आणि अधूनमधून आमच्याकडे बघून हात हलवायचा, असा नियम होता. वल्ही हवेत मारता मारता तो आम्हाला काय काय दाखवायचा. ते बघा बदक, ते बघा दुसऱ्या काठावरचे लोक, किती जळतायत आपल्यावर. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा येऊन विचारले, वर काय चाललंय? तेव्हा भावजयीने दार उघडून सांगितले, "काही नाही, आमचे कप्तान समुद्रात आहेत." तेव्हापासून गल्लीत तेच नाव पडले.

नणंद-भावजयीचे पटत नाही असे लोक धरूनच चालतात. आमचे पटते. आम्ही दोघी मिळून त्याला बोलतो, बोलत होतो.

आता जॅकेटचे. दोन वर्षांपूर्वी मी दुकानाच्या पायरीवरून घसरून बुडावर आपटले, तेव्हापासून माझे माकडहाड दुखते. कठीण जागेवर मला बसवत नाही. मशीनवरही मी उशी घेऊन बसते. होडीचे बूड पातळ रबराचे, खाली थंडगार फरशी. पहिल्याच रविवारी मी कळवळले. तेव्हा त्याने आपल्या अंगातले जॅकेट काढून, त्याची घडी करून माझ्याखाली सरकवले. म्हणाला, "घे ताई, तुझं सिंहासन." सोफ्यावरून भावजय म्हणाली, "आणि तुम्ही?" तो म्हणाला, "कप्तानाला कशाला लागतंय?" पुढच्या रविवारी मी उशी नेली, तर म्हणाला उशी पाण्यात चालत नाही, नियमाने जा. मग दर रविवारी तेच. होडीत बसताना दोघांनी जॅकेटे घालायची, पट्टे ओढायचे, आणि निघाल्यावर त्याने आपले काढून मला द्यायचे. कोणी सांगावेही लागत नव्हते. त्याचा हात आपोआप पट्ट्याकडे जायचा.

कोरडी सहल संपायची तीही त्याच्याच पद्धतीने. दमला की एका कुशीवर गालिच्यावर पडायचा आणि "बुडालो!" म्हणून ओरडायचा. म्हणजे आता पुरे, चहा ठेव. भावजय उठून चहा ठेवायची. पुढे पुढे कामावरून आला तरी दारातच चपला काढताना "बुडालो" म्हणायचा, आणि आतून पातेल्याचा आवाज यायचा. हे घरातले बोलणे आहे, पण साहेबांनी सगळे सांगा म्हटले म्हणून सांगितले.

परवाच्या दिवसाबद्दल विचारले. आम्ही तिघे सकाळच्या बसने तळ्यावर गेलो. कचेरीतली बाई फोनवरून ओळखत होती ती उठून बाहेर आली आणि म्हणाली, "आलात की खरंच!" तिने आम्हाला पाण्याला लागूनची जागा दिली. तंबू भावाने आणि मी उभा केला. दार पाण्याकडे. वारा पाण्यावरून सरळ तंबूत येत होता, दाराचा पडदा सारखा फडफडत होता. मी त्याला म्हटले, बघ, सांगत होते. तो म्हणाला, "अगं ताई, हवा खायलाच आलोय ना!" जेवलो. भावजयीला पाण्याची भीती वाटते, ती होडीत बसणार नाही हे आधीपासून ठरलेले होते. ती तंबूच्या दारात घडीची खुर्ची टाकून बसली. भाऊ तिला म्हणाला, "किनारा हलायचा नाही हं." ती म्हणाली, "जा आता, नाहीतर तळं आटेल."

होडी घेऊन आम्ही धक्क्यावर गेलो. धक्का तंबूपासून बराच लांब, झाडांच्या पलीकडे आहे. तंबूतून तो दिसत नाही. म्हणून भावजयीने तिथले काही पाहिलेले नाही. धक्क्यावर हा राखणदार होता. मध्यम वयाचा, पिवळी टोपी, गळ्यात शिट्टी. त्याने आम्हा दोघांना उभे करून जॅकेटांचे पट्टे स्वतःच्या हाताने ओढून बघितले. माझा एक पट्टा सैल होता तो त्याने आवळला. भावाला म्हणाला, "साहेब, पाण्यात असेपर्यंत काढायचं नाही. गरम झालं तरी नाही." भाऊ म्हणाला, "अहो, आमची प्रॅक्टिस झालीय." राखणदार हसला. हे मी शपथेवर सांगते. तो माणूस आपले काम करून मोकळा झाला होता. त्याला घरी जाऊ द्यावे.

नंतर काय झाले असे विचारले. भाऊ वल्हवत होता. फरशीवर छान वल्हवायचा, पाण्यात होडी सारखी गोल गोल फिरत होती. आम्ही खूप हसलो. मग त्याला जमायला लागले आणि आम्ही तंबूच्या समोर आत पाण्यात आलो. तिथून भावजय स्पष्ट दिसत होती. तिने हात हलवला, आम्हीही हलवला. होडी लाटांवर आपटत होती, माझे हाड दुखायला लागले. मी काही बोलले नव्हते. नुसती एका बाजूवर झाले असेन. त्याने वल्ही आत घेतली आणि पट्टा सोडला.

तुम्ही अडवले का, असे साहेबांनी विचारले. नाही. मला ते खटकलेही नाही. दर रविवारी तसेच व्हायचे. मी नेहमीसारखी जरा वर झाले आणि त्याने जॅकेट घडी करून माझ्याखाली सरकवले. म्हणाला, "घे." एवढेच म्हणाला. मला बरे वाटले. मी तसे त्याला बोललेही.

थोड्या वेळाने घडी माझ्याखालून सुटली. ती नीट करायला तो गुडघ्यांवर उभा राहून माझ्याकडे वाकला, खोलीत वाकायचा तसा. फरशी हलत नाही. होडी हलली. एक बाजू एकदम खाली गेली आणि आम्ही दोघे पाण्यात पडलो.

मी जॅकेटमुळे वर राहिले. चष्मा गेला. नाकातोंडात पाणी गेले होते, डोळ्यांपुढे सगळे पुसट होते. होडी उलटी होऊन लांब गेली. त्याचे जॅकेट पाण्यावर होते. मी हात लांबवला पण वाऱ्याने ते माझ्यापुढून काठाकडे गेले. वारा तंबूकडे होता. ते जॅकेट तंबूसमोर सापडले ते त्यामुळे. ते तिथे राहिले नव्हते, वाहत तिथे लागले होते. पट्ट्याच्या कडीत पाण्यातले गवत अडकले होते, ते पंचनाम्यात बघावे.

भावाला पोहता येत होते का, असे विचारले. येते असे तो सांगायचा. मी त्याला पोहताना कधी पाहिले नाही.

तो ओरडला का, असे विचारले. ओरडला. "बुडालो" असे ओरडला. पहिल्यांदा ओरडला तेव्हा तो हसतोय असे मला वाटले. दुसऱ्यांदा हसत नव्हता. त्यानंतर ओरडला नाही. मी त्याला "धाकट्या, इकडे ये, मला धर" म्हणत होते. मला पोहता येत नाही, मी हातपाय मारले पण मी होते तिथेच राहिले.

शिट्टी वाजली. राखणदार धक्क्यावरून त्याची होडी वल्हवत आला. मी आधी दिसले म्हणून त्याने मला धरले. मी त्याला म्हटले मला सोड, तिकडे बघ. त्याने मला होडीच्या कडेला लटकवले आणि कपड्यांसकट उडी मारली. बऱ्याच वेळा खाली गेला. भावाला त्यानेच वर काढले. काठावर आणल्यावर तोंडातून श्वास देत राहिला, माणसे त्याला बाजूला करीत होती तरी उठत नव्हता. पुढचे दवाखान्याच्या कागदात आहे.

माझा भाऊ माझ्या दुखण्यापायी गेला असे मला वाटते. साहेब म्हणाले, तुम्हाला काय वाटते ते जबाबात घेता येत नाही, घडलेले तेवढे सांगा. घडलेले तेच आहे. माझ्या अंगात एक जॅकेट होते आणि अंगाखाली दुसरे होते. एका बाईला दोन, आणि त्याला एकही नाही. हे मी अजून भावजयीला सांगितलेले नाही. दोन दिवस सांगायला तोंड उघडते आणि पाणी पिते. आज राखणदाराची बायको इथे दाराशी डबा घेऊन उभी दिसली, म्हणून सरळ आत आले. भावजय बाहेर बाकावर बसली आहे. तिने मला आत येताना विचारले, "ताई, बघायला नको होतं का त्याने? त्याचंच काम ना ते?" मी तिला म्हटले, बस, आलेच.

साहेबांनी आणखी विचारले की, भाऊ ओरडला तेव्हा भावजय कुठे होती. तंबूपाशी होती.

काय करीत होती, असे विचारले. मी पाण्यात होते, चष्मा गेला होता. मला दिसले नाही.

पंचनाम्यात स्टोव्ह गरम होता असे आहे. स्टोव्ह कोणी आणि केव्हा पेटवला, असे विचारले. मला आठवत नाही. जेवणानंतर तसाच राहिला असेल.

तीन कप धुतलेले आणि पातेले विसळलेले सापडले, ते कोणी धुतले, असे विचारले. मी धुतले. त्यात काय होते, असे विचारले. मला आठवत नाही. दवाखान्याची गाडी निघायच्या आधी तंबूतून टॉवेल आणायला मी आत गेले होते, तेव्हा धुतले. अशा वेळी कप का धुतलेत, असे विचारले. बायकांना घाण भांडी टाकून निघवत नाही. एवढेच कारण.

साहेबांनी मागचे पान उलटून बघितले. मी विचारले की, वर कोरड्या सहलीत "बुडालो" म्हटल्यावर काय व्हायचे ते मी सांगितले आहे, ते घरातले बोलणे आहे, त्याचा या कामाशी संबंध नाही, तेवढे खोडता येईल का? साहेबांनी सांगितले की एकदा लिहिलेले खोडता येत नाही, काही भर घालायची असेल तर घाला.

मग मी भर घालते. राखणदाराने त्याच्या जबाबात आरोळी धक्क्यावर ऐकू आली असे सांगितले आहे, असे साहेब म्हणाले. धक्का लांब आहे आणि तंबू जवळ होता, तर मग भावजयीला आरोळी ऐकू गेली का, असे त्यांनी विचारले. त्यावर सांगते की, ऐकू गेली नाही. दवाखान्यात माझा हात धरून ती स्वतः म्हणाली, "ताई, मला हाक आलीच नाही हो. आली असती तर मी धावले नसते का?" मी तिला म्हटले, धावली असतीस. ती धावली असती. बावीस वर्षांचा संसार मी पाहिला आहे. तो घरात नुसता खोकला तरी ती आतून बाहेर यायची.

साहेब म्हणाले, बाई, तुम्हीच सांगितलेत की वारा पाण्यावरून तंबूकडे होता, जॅकेट त्या वाऱ्याने वाहत गेले. मग आवाज कसा गेला नाही?

त्यावर सांगते की, वारा जॅकेटच्या वेळी होता. आरोळीच्या वेळी वारा पडला होता. नंतर पुन्हा सुटला. तळ्यावरचा वारा असाच असतो, येतो आणि जातो. राखणदाराला आरोळी ऐकू गेली, कारण पाण्याकडे कान लावून बसणे हाच त्याचा धंदा आहे. भावजयीचा तो धंदा नाही. ती सहलीला आली होती.

हे मी विचार करून सांगत आहे. राखणदाराबद्दल वर सांगितले तेही विचार करून सांगितले आहे. दोन्ही लिहून घ्यावे. जॅकेटचे भावजयीला मीच घरी गेल्यावर सांगेन, साहेबांनी सांगू नये. हा कागद तिला वाचून दाखवायची वेळ आलीच तर मला बोलवावे, मी तिच्याशेजारी बसेन.

तंबू पंचनाम्यातून सुटला की तो मला परत मिळावा. त्याच्या दाराचे काम मला करायचे आहे.

माझा चष्मा तळ्यात गेल्यामुळे साहेबांनी हे सगळे मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवले. दार उघडे होते म्हणून मी त्यांना हळू वाचायला सांगितले. मी सांगितले तसेच उतरले आहे, कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून काही लिहिलेले नाही. वाऱ्याची ओळ मी त्यांना दोनदा वाचायला लावली. आरोळीच्या वेळी वारा पडला होता. ती ओळ बरोबर आहे, आणि तिच्याखाली मी सही करीत आहे.